देठाजवळचा मणी

"त्या थर्मासात काय आहे ते मी विचारणार नाही," आत्या म्हणाली आणि लगेच विचारलं, "काय आहे त्यात?"

"माश्या."

मिरजेहून तासगावला निघालेल्या भाड्याच्या गाडीत आम्ही दोघी मागे बसलो होतो. मांडीवरचा रुंद तोंडाचा थर्मास मी दोन्ही हातांनी धरला होता. पुढे ड्रायव्हरनं आरसा थोडा वाकडा केला.

"कसल्या माश्या?"

"फळमाश्या. चिलटं गं. केळ्यावर बसतात ती."

"स्थळाचं घर बघायला जाताना माणसं पेढे नेतात, महानंदा."

"पेढे डिकीत आहेत."

आत्यानं कपाळावर हात मारला. तिला समजावून सांगणं भाग होतं. पुण्यात मी पीएच.डी. करत होते आणि कित्येक महिने खपून जमवलेल्या माश्या नेमक्या त्याच दिवशी कोषातून बाहेर पडणार होत्या. बाहेर पडल्या पडल्या माद्या नरांपासून वेगळ्या काढाव्या लागतात. तेवढं चुकलं, तर पिल्लं कोणाची ते कळत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. माझ्याऐवजी हे काम करणारा सहकारी भावाच्या लग्नाला गावी गेला होता. मग मी काय करणार? थर्मासाच्या तळाशी ओला रुमाल ठेवला, वर काचेच्या नळ्या उभ्या केल्या आणि निघाले.

"म्हणजे माद्यांना सोवळ्यात ठेवायचं?" आत्या म्हणाली.

"आमच्याकडे त्यांना कुमारी म्हणतात."

ड्रायव्हरला खोकला आला. आत्यानं त्याच्या मानेकडे रागानं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"हे बघ. तिथं गेल्यावर कुणी विचारलं काय शिकतेस, तर जीवशास्त्र म्हणायचं. त्याच्या पुढं एक अक्षर बोलायचं नाही. कोल्हापूरचं स्थळ कशानं गेलं, विसरलीस का?"

विसरले नव्हते. कोल्हापूरच्या मुलाच्या वडिलांनी फार आपुलकीनं विचारलं होतं, नक्की कशावर संशोधन करतेस बाळ. मी तितक्याच आपुलकीनं सांगितलं होतं, माशीच्या वृषणात मूळ पेशी कशा टिकून राहतात त्यावर. त्यांची बशी हातातच राहिली. बायकांच्या खोलीत कुणीतरी फस्सकन हसलं. दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आमच्यात पत्रिका बघतच नाहीत.

पण तासगावचं स्थळ जाऊ द्यायचं नव्हतं, आणि ते आत्यापेक्षा मला जास्त वाटत होतं. श्रीशैल शेटे पुण्यात मला दोनदा भेटला होता, दोन्ही घरच्यांच्या परवानगीनं. पहिल्या भेटीत त्यानं हॉटेलवाल्याशी भेळेतल्या शिळ्या शेवेवरून भांडण काढलं आणि जिंकलं. दुसऱ्या भेटीत घरच्या बेदाण्याच्या व्यापाराची पुण्यात शाखा काढायची, आपल्याच नावाच्या पाकिटातून माल विकायचा, असा सगळा बेत त्यानं कागदी रुमालावर काढून दाखवला. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. माझं संशोधन त्यानं न हसता ऐकून घेतलं आणि एक प्रश्नही विचारला, तोही बरा प्रश्न. मी तिथंच पाघळले, खोटं कशाला बोलू?

अडचण एकच होती. त्याच्या आईचा निरोप होता की सून तासगावात राहील. मी तासगावात राहिले की माझं संशोधन संपलं, कारण माश्यांची प्रयोगशाळा काही तासगावच्या बाजारपेठेत निघणार नव्हती. श्रीशैल म्हणाला होता, "तुम्ही घर बघायला याल ना, त्या दिवशी मी आईला सांगतो. पुण्याला जाणार म्हणून. चहाच्या आधी सांगतो." म्हणून तर घर बघायला मुलीनं जायची रीत नसताना मी आत्याबरोबर निघाले होते. बाबांचा गुडघा दुखत होता, हे बाहेर सांगायचं कारण.

शेट्यांचं घर गावाबाहेर होतं, पुढे अंगण, मागे बेदाण्याच्या शेड. हंगाम ऐन भरात होता. सगळ्या हवेला द्राक्षाचा आंबूस गोड वास येत होता आणि माझ्या मांडीवरच्या मंडळींना तो लागला तर काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. दारात श्रीशैलची आई उभी होती. उंच, हाडापेरानं दणकट, कपाळाला विभूती, नवऱ्याच्या मागे सगळा व्यापार एकटीनं सांभाळलेली बाई. तिनं माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि थर्मासकडे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं.

"या की. चहा घेऊन आलाय व्हय? आमच्यात मिळतोय चहा."

"नाही हो वहिनी," आत्या घाईघाईनं म्हणाली, "औषध आहे. तिचं. म्हणजे माझं."

बैठकीच्या खोलीत श्रीशैल आला. मी त्याच्याकडे पाहून हसले. तो माझ्याकडे पाहून हसणार होता, पण आधी त्यानं आईकडे पाहिलं.

"आई, मी बसू का?"

"बस की. उभा ऱ्हाणार हाईस व्हय?"

तो आईच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसला. पोहे आले. खिडकीतून ऊन आत येत होतं.

"आई, खिडकी लावू का?"

मला वाटलं, मुलगा पाहुण्यांसमोर लाजतोय. चहा आला. पाक म्हणावा इतका गोड. श्रीशैलनं तो आईच्या नजरेखाली घोट घोट करून संपवला. चहा संपला तरी पुण्याचा विषय निघाला नाही. मी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. तो बशीकडे पाहत राहिला. भेळवाल्याशी भांडणारा माणूस हाच, अशी खूण पटवायला मी मुद्दाम विचारलं, "तुम्हाला काय आवडतं, गोड की तिखट?"

त्यानं आईकडे पाहिलं.

"त्याला गोड आवडतं," आई म्हणाली. "लहानपणापास्नं."

आता इथं दुसरी कुठलीही मुलगी खट्टू झाली असती. मीही झाले, पण अर्धीच. उरलेली अर्धी एकदम जागी झाली. वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहत आले होते, तेच समोर स्टुलावर बसलेलं होतं. एक मूळ पेशी, आपल्या जागी, हलायला तयार नाही. आणि जवळून येणारा संदेश: आहेस तसाच राहा. आमच्या धंद्यात असा संशय आला की एकच करायचं असतं. पेशी जागेवरून हलवायची आणि बघायचं.

"मला शेड बघायची आहे," मी म्हटलं. "दाखवता?"

"आई, दाखवू का?"

"दाखव की."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. थर्मास मी तिच्या पायाशी ठेवला आणि डोळ्यांनीच सांगितलं, सांभाळ.

मागच्या अंगणातून शेडकडे जाताना वाटेत पाण्याची सिमेंटची टाकी होती. तिच्यापर्यंत श्रीशैल मुकाट चालत होता. टाकी ओलांडली आणि त्याचे खांदे सरळ झाले. शेडमध्ये हिरव्या जाळीच्या सावलीत मजल्यावर मजले द्राक्षं पसरली होती. तिथं पोचेपर्यंत तो पुन्हा पुण्यातला श्रीशैल झाला होता.

"गोड की तिखट?" मी विचारलं.

"तिखट. आणि चहात साखर मला आवडत नाही. कधीच आवडली नाही." त्यानं एक कच्चट बेदाणा तोंडात टाकला. "मी सांगणार होतो हो. अगदी ओठावर आलं होतं."

"मग?"

"मग आई समोर बसली होती."

आम्ही परत निघालो. मी हळू चालत त्याच्याकडे बघत होते. टाकीजवळ येताच वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि हात मागे गेले. मी हातरुमाल शेडच्या दारात मुद्दाम पाडून आले होते, आता तो विसरल्याचं सोंग केलं. तो आणायला गेला, टाकीपलीकडून "हा घ्या सापडला!" असा मोकळा आवाज आला, टाकीच्या अलीकडे येईतो रुमाल त्यानं दोन बोटांत धरला होता, जणू विचारत होता की देऊ का. मी टाकीपलीकडे चक्कर मारून रुमाल पुन्हा पाडून आले. तो पुन्हा गेला. पुन्हा तेच. विज्ञानात एकदा पाहिलेलं धरत नाहीत.

प्रयोग इतका छान जमला होता की स्वयंपाकघराची खिडकी त्याच अंगणात उघडते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आत गेलो तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओट्यापाशी श्रीशैलची आई. ओट्यावर उघडा थर्मास. तिच्या एका हातात काचेची नळी, दुसऱ्या हातात नळीचा कापसाचा बोळा.

"म्हटलं वाटेत चहा असू दे, थर्मास विसळून भरून देते," ती म्हणाली. "आमच्यात पाहुण्याचा थर्मास रिकामा पाठवत न्हाईत. ही म्हणत होती औषध हाय. औषध कुठलं, हा तर शिरा दिसतोय तळाला. नळीत शिरा कशाला घालून आणलाय गं?"

तो शिरा म्हणजे मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट. माश्यांचं जेवण. आणि जेवणारी मंडळी नळीच्या तोंडाशी येऊन जगात पहिलं पाऊल टाकत होती. ओट्यावर, नळीपासून वीतभर अंतरावर, सकाळीच काढलेल्या द्राक्षांची पाटी होती.

"दार लावा!" मी ओरडले. "पंखा बंद करा! ती पाटी उचला! काकू, बोळा घाला परत, बोळा!"

त्या घरात सून म्हणून येऊ पाहणाऱ्या मुलीनं दिलेला हा पहिला हुकूम. गंमत म्हणजे तो सगळ्यांनी पाळला. श्रीशैलनं दार लावलं, आत्यानं पाटी उचलून डोक्यावर धरली, काकूंनी बोळा घातला. पण तोवर बरीच मंडळी बाहेर पडली होती.

"ही चिलटं हाईत," काकू सावकाश म्हणाल्या. "तू चिलटं घेऊन आलीस? द्राक्षाच्या घरात? ऐन हंगामात?"

"जीवशास्त्र हो वहिनी," आत्या पाटीखालून म्हणाली. "नुसतं जीवशास्त्र."

"ह्यांना नीट उडता येत नाही," मी म्हटलं. "पंख वर वळलेले आहेत, बघा. नुसत्या उड्या मारतात. पेले द्या मला काचेचे. आणि कागद."

मग तो एक तास आम्ही चौघं त्या स्वयंपाकघरात रांगत होतो. माशीवर पेला उपडा घालायचा, खालून कागद सरकवायचा आणि उचलून माझ्याकडे आणायचा, मी माद्या एका नळीत आणि नर दुसऱ्या नळीत सोडत होते. आत्या पाटी खाली ठेवायला तयार नव्हती, त्यामुळे ती एका हातानं मारा करत होती आणि तिचे नेम चुकत होते. काकूंनी पदर खोचला होता. गेलं, मी मनात म्हणत होते. तासगाव गेलं, पुणं गेलं, हा माणूसही गेला. त्याला साखरेचा चहा आवडत नाही हे मला कळलं आणि लगेच गेला. मला खरोखर रडू येत होतं.

"आई," श्रीशैल टेबलाखालून म्हणाला, "हा पेला इथं ठेवू का तिथं?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता सांग. काय बघतीस ह्यांच्यात?"

आत्यानं ओठांवर बोट ठेवलं. पण आता गमवायला उरलं होतं काय?

"नराच्या पोटात," मी सुरुवात केली, "म्हणजे जिथं त्याचं बीज तयार होतं त्या जागी..."

"वृषण म्हण की सरळ. खोंडं खच्ची करताना धरून बसलीय मी, मला काय सांगतीस."

आत्यानं पाटी खाली ठेवली.

मी पाटीतून एक घोस घेतला आणि बाहेरचे मणी तोडत गेले. टोकाला देठाची गाठ आणि तिच्याभोवती चार-पाच मणी एवढंच ठेवलं.

"वृषणाच्या टोकाला असं असतं काकू. मध्ये हा देठ. म्हणजे मोजक्या पेशींचा एक झुबका. त्याला चिकटून ह्या मूळ पेशी. देठ त्यांना सारखा एक निरोप पाठवत असतो. रसायनाचा निरोप. 'तू आहेस तशीच राहा.' तो निरोप फार लांब जात नाही. चिकटलेल्यांनाच पोचतो. मूळ पेशी दुभंगली की एकीच्या दोन होतात. एक देठाला चिकटलेली राहते, ती मूळच राहते. दुसरी तिच्या पाठीमागे, एका मण्याइतकी लांब ढकलली जाते. तिला निरोप ऐकू येत नाही. मग ती आपल्या वाटेला लागते आणि शेवटी तिच्यापासून बीज तयार होतं."

"आणि चिकटलेली?"

"ती तिथंच राहते. तिचं दुसरं काही होत नाही."

"म्हणजे वाया गेली?"

"नाही. ती लागतेच. ती संपली तर पुढचं सगळं संपतं. पण निरोप जास्त झाला, सगळ्यांनाच पोचायला लागला, तर सगळ्याच थांबतात. नुसत्या वाढत राहतात, होत काहीच नाही. ते वृषण मग फुगतं, पण त्यातून बीज येत नाही."

हे सांगताना मी काकूंकडे पाहत होते आणि माझ्या मनात काय आहे ते माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. काकूंनी घोस माझ्या हातातून घेतला. देठ बोटांत फिरवला. मग श्रीशैलकडे पाहिलं. तो पेला घेऊन उभा होता, कुठं ठेवायचा ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"रुमाल दोनदा पाडलास तू," त्या मला म्हणाल्या.

माझे कान गरम झाले.

"खिडकीतनं दिसतंय सगळं. पयल्यांदा वाटलं पोरगी वेंधळी हाय. दुसऱ्यांदा पाडलास तवा कळलं, मोजतीय काय तरी." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि श्रीशैलकडे वळल्या. "आप्पू, पेला ठेव. जा, टाकीच्या पलीकडं जाऊन उभा ऱ्हा."

"आई, कशाला?"

"जा म्हणते न्हवं?"

तो गेला. काकूंनी खिडकीचं दार ढकललं आणि व्यापारी बायकांचा जो बाजारातला आवाज असतो, त्या आवाजात हाक मारली, "आता बोल! चहाच्या आधीपास्नं तोंडात काय धरून बसलाईस?"

टाकीपलीकडे श्रीशैल खिडकीकडे वळला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला, "मला पुण्याला जायचंय! तिथं शाखा काढायचीय! लग्नानंतर आम्ही तिकडंच राहणार!"

शेडमधल्या बायका बाहेर येऊन बघायला लागल्या.

"मग जा की!" काकू ओरडल्या. "म्या कवा धरून ठिवलंय?"

आणि त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत मिश्कीलपणाही होता आणि जिव्हारी लागल्याचंही होतं.

"तुला वाटलं मी धरलाय त्याला. व्हय ना? खरं बोल."

"हो," मी म्हटलं.

"कोल्हापूरला होस्टेलात घातला. रोज संध्याकाळच्या एस्टीनं परत. म्हणायचा, तिकडं झोप लागत न्हाई. सांगलीला खोली घिऊन दिली धंद्याला बस म्हणून. एकदा डबा न्यायला आला तो ऱ्हायलाच. मी विचारते, बाबा तुला काय पायजे. हा म्हणतोय, आई तू सांग. मग मी सांगते. कुणी तरी सांगाय पायजे न्हवं? मग म्हटलं, सून तरी इथंच ठेवावी. बायकोला परगावी सोडून ह्यो एकटाच संध्याकाळच्या एस्टीनं परत आला, तर लोक हसतील." त्यांनी घोस माझ्यापुढे धरला. "तुझ्या माशीत कोण कुणाला धरतंय गं? देठ मण्याला, का मणी देठाला?"

पेशीच्या अंगावर स्वतःची एक पकड असते, तीच देठाला घट्ट धरून बसते. ती सुटली तर नुसत्या निरोपानं पेशी जागेवर राहत नाही. हे माझ्याच प्रबंधातलं तिसरं प्रकरण. ते मला पाठ होतं. आणि अंगणात दोनदा रुमाल पाडताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"दोन्ही असतं, काकू," मी म्हटलं. "देठ थांब म्हणतो आणि मणीही धरून असतो."

"मग बोल देठालाच का लावता सगळी?"

आत्या म्हणाली, "अगदी बरोबर, वहिनी." तिला काय कळलं होतं देव जाणे, पण घर बघायला आलेल्या माणसानं अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं.

काकू खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाल्या, "तसं मी बी म्हणत असंन थांब म्हणून. तोंडानं न्हाई म्हटलं कधी. त्यो गेला की मला करमायचं न्हाई, ते मला ठाव हाय. त्याला बी कळत असंल ते." त्यांनी देठाचा एक मणी तोडून तोंडात टाकला. "गोड हाय. घे. आन् आप्पूला हाक मार, का बोंबलाय लावला म्हणून गावभर चर्चा व्हायच्या आत."

निघताना त्यांनी आमच्यासाठी घरातल्याच दुसऱ्या थर्मासमध्ये चहा भरून दिला. माझा थर्मास परत देताना त्याच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली होती. मी वाकून नमस्कार केला. पाठीवर हात ठेवून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "घिऊन जा त्याला. एकच सांगते. तिकडं जाऊन तू देठ हू नगंस."

मला हसू आलं. मी, आणि देठ? गाडीत आत्याला सांगितलं तर तीही हसली. ड्रायव्हरही हसला, एवढ्या वेळात त्याला कुणीतरी सगळी हकीगत सांगितली होती.

पावसाळा संपता संपता लग्न झालं. त्याआधी काकूंचा एकदा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "तुझी एक कुमारी अजून माझ्या केळ्यावर बसतीय. वळलेल्या पंखाची. न्ह्यायची का ठेवून घिऊ?" कुमारी हा शब्द आत्यानंच त्यांना सांगितला असणार. मी म्हटलं, ठेवून घ्या. एवढ्या दिवसांत तिची नात-पणती असणार ती, पण ते मी सांगितलं नाही.

पुण्यात आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. पहिल्या सोमवारी मी प्रयोगशाळेत जायला निघाले. पर्स खांद्यावर, चपला पायात. श्रीशैल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. स्टोव्ह पेटवलेला, पातेल्यात पाणी.

"महानंदा," तो म्हणाला, "मी चहा घेऊ का?"

उत्तर अगदी सोपं होतं. घे की. दोन शब्द. ते माझ्या जिभेवर आलेही होते, आणि त्यांच्या पाठोपाठ 'साखर नको घालूस' हेही आलं होतं. दारात थांबलेला माणूस, वाट बघणारे त्याचे डोळे आणि माझं तयार उत्तर. तेव्हा कुठं मला सासूबाईंचं बोलणं कळलं. मला हसू आलं नाही. किती सहज असतं ते! बोलायचंही नसतं, नुसतं जवळ उभं राहायचं असतं.

मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले. आतून पुन्हा हाक आली, "अगं, घेऊ का?" मी पायऱ्या जोरात उतरत राहिले. फाटकापर्यंत गेले, मग रस्त्याच्या पलीकडे. तिथं थांबून आमच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं.

दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. कोल्हापूरहून परत येणारी संध्याकाळची एस्टी डोळ्यांपुढे येत होती. घरी गेल्यावर दाराला कुलूप असेल आणि शेजारी किल्ली देऊन सांगतील, ते तासगावला गेले, असं मला दर तासाला वाटत होतं.

घरी आले तर दार नुसतं लोटलेलं होतं. श्रीशैल नव्हता. दाराच्या कडीत कागदी रुमाल अडकवला होता, त्यावर लिहिलं होतं: गोदामाची जागा बघायला गेलोय, उशीर होईल. स्वयंपाकघरात ओट्यावर एक कप धुऊन उपडा ठेवलेला होता. शेजारी दुसरा कप, बशीनं झाकलेला. मी बशी उचलली. चहा सकाळचा होता, पार गार झालेला, वर साय धरलेली. मी तसाच तोंडाला लावला.

साखरेचा एक कण नव्हता त्यात. एरवी मला गोडच चहा लागतो. मी तो उभ्यानं, सगळा प्यायले.